डॉक्टरांच्या घरचे डोळे

नव्वदच्या दशकात धारमध्ये कुणालाही विचारलं असतं की मोतीबिंदूचं ऑपरेशन कुणाकडे करायचं, तर त्यानं आमच्याच घराकडे बोट दाखवलं असतं. खाली दवाखाना आणि वर आम्ही राहायचो. माझे यजमान डोळ्यांचे डॉक्टर. त्यांचे आजोबा दरबारात नोकरीला होते, वडील वकील, त्यामुळे गावात घराण्याला मान होता आणि तो मान ह्यांनी आपल्या हातानं आणखी वाढवला होता. मांडूच्या रस्त्यावरच्या खेड्यांतून बैलगाडीत, ट्रॅक्टरवर बसून म्हातारी माणसं यायची. शाळांच्या वर्गांत बाकं जोडून शिबिरं व्हायची. मी हत्यारं उकळून द्यायची, शंभर माणसांची खिचडी शिजवायची, पट्ट्या बांधायची. ह्यांचा हात हलका होता. ते मी नाकारत नाही. त्या हाताबद्दल मी कधीच वाईट बोलले नाही आणि आजही बोलणार नाही.

त्याच शिबिरांच्या दिवसांत मला साखर निघाली. पाय सुन्न व्हायचे, तहान लागायची. ह्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करायला सांगितलं, आणि घरात विषय संपला. डॉक्टरच्या बायकोला आजार झाला की तो घरातल्या गळक्या नळासारखा असतो. सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी बघत नाही.

चष्मा बदलायची वेळ आली की मी खाली दवाखान्यात जायची. शेवटचा पेशंट गेलेला असायचा, कंपाउंडर झाडू मारत असायचा. हे खुर्चीतून न उठता म्हणायचे, "बस. इकडे बघ." हातातली बॅटरी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर. "काही नाही. नंबर थोडा बदललाय." एवढं होईपर्यंत वर ठेवलेलं दूध उतू गेलेलं नसायचं, इतकाच वेळ लागायचा. मी अनेक वर्षं हेच तपासणं समजत होते. का समजू नये? गाव समजत होतं.

माझी धाकटी बहीण देवासला. तिचे यजमान नाशिककडून कारखान्यात नोकरीसाठी आलेले, पुढे तिथलेच झाले. औद्योगिक वस्तीतल्या कॉलनीत त्यांचं घर. ह्यांना ते घर कधी आवडलं नाही. तोंडानं वाईट बोलायचे नाहीत, पण "तुझी ती कारखान्यातली मंडळी" असं म्हणताना त्यांच्या ओठांची एक बाजू खाली जायची. बहिणीला ती बाजू दिसायची. तिनं कधी लपवलं नाही की तिला जिजाजी आवडत नाहीत.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं आणि मी पापड-कुरडयांच्या मदतीला देवासला गेले. दुसऱ्याच दिवशी कॉलनीच्या मैदानात एक मोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. टपावर ताटासारखी छत्री, आत कॅमेरा. लाउडस्पीकरवर सांगत होते की साखर असलेल्यांनी डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा फोटो काढून घ्यावा, मोठ्या शहरातले डॉक्टर तो तिथूनच बघतील आणि इथल्या इथे सांगतील. बहिणीच्या यजमानांनाही साखर. ते चप्पल घालून निघाले.

"ताई, तू पण चल," बहीण म्हणाली.

"मला काय गरज? घरात डॉक्टर आहेत."

"म्हणूनच चल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता. मी गेले ती तिला खोटं पाडायला.

मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. एका तरुण मुलीनं माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. झोंबले. "आंटी, आँख बंद रखो, पुतली बड़ी होने दो," ती म्हणाली. अर्धा तास डोळे मिटून बसवलं, परत थेंब, परत बसणं. माझ्या शेजारी बहिणीचे यजमान, त्यांच्या शेजारी कारखान्यातली आणखी चार माणसं. सगळ्यांची डोकी मागे टेकलेली. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे थेंब माझ्या डोळ्यांत ह्यांनी कधी घातले नाहीत. मग वाटलं, गरज नसेल.

गाडीत हनुवटी टेकवायला एक जागा होती. समोर काळोख, मग एकदम निळसर-पांढरा लखलखाट, आणि डोळ्यापुढे गुलाबी गोळा तरंगत राहिला. दुसऱ्या डोळ्याला तेच. मुलीनं यंत्राच्या पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "डॉक्टर मॅडम बोलेंगी," एवढंच म्हणाली आणि मला टीव्हीसमोर बसवलं.

टीव्हीवर एक बाई होती. वयानं माझ्या मुलाएवढी, पांढरा कोट, मागे भिंत. ती बोलायची आणि ओठ हलल्यावर आवाज जरा उशिरा यायचा. हिंदी मोडकी होती, पण बोलणं स्वच्छ होतं. मी मराठीत सांगते.

तिनं माझ्या दोन डोळ्यांची चित्रं शेजारी शेजारी दाखवली. केशरी थाळ्या, त्यांवर लाल रेषा. "हे लाल ठिपके म्हणजे रक्त आहे," ती म्हणाली. "हे पिवळे डाग साखरेमुळे झालेत. डाव्या डोळ्यात नव्या नसा उगवल्या आहेत. त्या कच्च्या असतात, फुटतात. लवकर लेझर करायला हवं. या महिन्यातच. दोन्ही डोळ्यांना."

"मला तर सगळं दिसतं," मी म्हटलं.

"आत्ता दिसतं. म्हणूनच आत्ता करायचं." मग तिनं विचारलं, "याआधी तुमचे डोळे कुणी तपासले नव्हते का?"

मी काय सांगणार? म्हटलं, "तपासतात. घरीच."

तिला ते कळलं नाही. तिनं चित्रांचा कागद काढून द्यायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बहिणीचे यजमान सुटले. त्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आंटी, हमारी गाड़ी कल सतवास गाँव जाएगी, पर आप इंदौर जाना. देर मत करना."

घरी आल्यावर बहीण फिरत्या पंख्याखाली उभी राहिली आणि ओरडायला लागली. "इतकी वर्षं जिजाजींनी काय बघितलं मग? गावभराचे डोळे उघडतात आणि घरात बायको आंधळी होतेय ते दिसत नाही?"

"आंधळी झाले नाहीये मी."

"होशील!"

भाची स्वयंपाकघरातून डोकावली. तिचं शिक्षण सगळं हिंदीत, मराठी अर्धी. "मावशी, तू रो मत, मैं चाय बनाती हूँ," ती म्हणाली. मी रडत नव्हते. थेंबांमुळे पाणी येत होतं. मला राग आला होता, आणि तो राग कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं, म्हणून मी बहिणीवर काढला. म्हटलं, तुला एवढंच हवं होतं, माझ्या नवऱ्याला कमी दाखवायचं. पापड तसेच राहिले आणि मी सकाळच्या बसनं धारला परत आले.

संध्याकाळी दवाखाना संपल्यावर मी खाली गेले आणि कागद ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. काय झालं ते सगळं सांगितलं. हे ऐकत होते आणि कागदाकडे बघत नव्हते. माझं बोलून झालं तेव्हा म्हणाले, "कुणाला विचारून गेलीस?"

"बहिणीबरोबर गेले."

"माझ्या बायकोनं रस्त्यावरच्या गाडीत बसून डोळे दाखवले. कॉलनीतल्या लोकांसमोर. त्यांना माहीत होतं तू कोण ते?"

"बहिणीच्या शेजाऱ्यांना माहीत होतं."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं." त्यांनी बॅटरी उचलली, माझी हनुवटी धरली, एका डोळ्यावर झोत टाकला, मग दुसऱ्यावर. पूर्वीसारखंच. "काही नाही. डोळ्याला हात न लावता रोग सांगतात ते. टीव्हीवरून. उद्या टीव्हीवरून बाळंतपणं करतील."

"त्यांनी थेंब घालून बघितलं. तुम्ही पण घालून बघा ना."

"तू मला शिकवणार?"

कंपाउंडर झाडू हातात धरून दारात थांबला होता. तो मालवी माणूस, वीस वर्षं आमच्याकडे. त्याच्यासमोर हे कधी मला असं बोलले नव्हते. त्यानं झाडू भिंतीला टेकवला आणि बाहेर निघून गेला. कागद ह्यांनी चुरगळला नाही, फाडला नाही. पेपरवेट उचलून त्यावर ठेवला आणि दिवा मालवला. मी दुसऱ्या दिवशी तो काढून घेतला.

त्यानंतरचे काही आठवडे मी रोज विषय काढला. जेवताना, चहाच्या वेळी, औषधाच्या गोळ्या घेताना. मुलगा पुण्याला नोकरीत. त्याला फोन केला. तो दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आई, तुम्ही दोघं मिळून बघा." दोघं मिळून काही बघत असतो तर त्याला कशाला फोन केला असता? एकदा मी ह्यांना म्हटलं, तुमचं ऐकत नाही, मी एकटी इंदूरला जाते. तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

"इंदूरमध्ये लेझर कोण करतं माहीत आहे तुला? माझ्याबरोबर शिकलेला. त्याच्यासमोर तू जाऊन बसणार? तो विचारेल, तुमच्या मिस्टरांनी पाठवलं का. काय सांगशील?"

"सांगेन, नाही पाठवलं."

त्यांनी ताट सारलं. "जायचं असेल तर जा. परत मग माझ्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही."

मी लगेच गेले नाही. बाईमाणूस घाबरतं असं कुणी म्हणेल; मी घाबरले नव्हते. मला वाटत होतं की ते स्वतः घेऊन जातील. चार दिवस रागावतील, पाचव्या दिवशी म्हणतील, चल. माणूस इतक्या लोकांच्या डोळ्यांसाठी उन्हातान्हात हिंडतो, तो घरच्या डोळ्यांसाठी एकदा बस पकडणार नाही, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. मी वाट बघत राहिले आणि तेवढ्यात डाव्या डोळ्यानं वाट बघायची थांबवली.

सकाळी मी तुरीची डाळ निवडत होते. ताटात एक काळा धागा दिसला. उचलायला गेले तर हाताला लागेना. मान वळवली तर धागा बरोबर आला. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग शाई पाण्यात सोडल्यासारखा धूर, आणि बघता बघता डाव्या बाजूचं स्वयंपाकघर लालसर काळोखात गेलं. उजवा डोळा झाकला तर खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं.

हे खाली होते. मी त्यांना हाक मारली नाही. फोनकडे गेले आणि बहिणीला फोन लावला. म्हटलं, "फुटलं."

ती एकच वाक्य बोलली. "तयार हो."

तिचे यजमान कारखान्यातून सुट्टी घेऊन भाड्याची गाडी घेऊन आले. ज्या माणसाला आमच्या घरात कधी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसवलं नव्हतं, तो माणूस माझी पिशवी उचलून जिना उतरत होता. दवाखान्यात पेशंट बसले होते. हे दारात आले.

"कुठे?"

"इंदूरला," बहिणीचे यजमान म्हणाले. "ताईंच्या डोळ्यात रक्त उतरलंय."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी कोट काढतील. ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही," आणि आत गेले. पुढच्या पेशंटचं नाव कंपाउंडरनं पुकारलेलं मला गाडीत बसताना ऐकू आलं.

इंदूरच्या डॉक्टरांनी ओळखलंच. आडनाव ऐकून वर बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. उजव्या डोळ्याला लेझर सुरू केलं. डोळ्यावर काच बसवतात आणि हिरवा लखलखाट करत राहतात. सुरुवातीला काही वाटत नाही, मग डोक्याच्या मागे खोल ठणकतं. चार वेळा जावं लागलं. चारही वेळा बहीण नाही तर तिचे यजमान बरोबर होते. डावा डोळा रक्तानं भरलेला, आत काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला लेझर करता येईना. "रक्त ओसरायची वाट बघू," डॉक्टर म्हणाले. "नाही ओसरलं तर ऑपरेशन."

घरात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दवाखान्यात मी पाऊल टाकत नव्हते. पण वर गॅलरीत कपडे वाळत घालताना खालचं सगळं ऐकू यायचं. हे पेशंटना सांगायचे, "वो टीवी वाले आएँगे, उनके चक्कर में मत पड़ना. फोटो खींचते हैं, डराते हैं और शहर भेज देते हैं." पेशंट "हाँ साब, हाँ साब" करायचे. मी वर उभी राहून एका डोळ्यानं बघत चादर पिळायची.

पुढच्या हिवाळ्यात ती गाडी धारला आली. गावातल्या एका समाजसेवी मंडळानं बोलावली होती आणि धर्मशाळेच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की वर्षातून एकदा फोटो काढून ठेवा. मी गेले. ह्यांना सांगितलं नाही, कारण आमच्यात सांगणं उरलंच नव्हतं. थेंब घालून मी मागच्या रांगेत डोळे मिटून बसले होते, आणि ह्यांचा आवाज आला.

डोळे उघडले. थेंबांमुळे सगळं पुसट, पण पांढरा शर्ट आणि उभं राहायची पद्धत मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? ते टीव्हीसमोर उभे होते. मंडळाचा अध्यक्ष त्यांना खुर्ची देत होता आणि ते बसत नव्हते.

"मी इथला नेत्रतज्ज्ञ आहे," ते हिंदीत म्हणाले. "तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. माझी एक पेशंट देवासला तुमच्या गाडीत गेली होती. तुम्ही तिला इतकं घाबरवलं की तिनं माझ्यावरचा विश्वास सोडला. डोळ्याला हात लावल्याशिवाय, पेशंटला न बघता, तुम्ही निदान कसं करता?"

टीव्हीवरची बाई तीच होती. आवाज पोचायला वेळ लागायचा, म्हणून ती क्षणभर नुसती बघत राहिली. ह्यांना वाटलं की तिच्याकडे उत्तर नाही. ते पुढे बोलायला लागले आणि तेवढ्यात तिचा आवाज आला. दोघं एकदम बोलले, दोघं एकदम थांबले, परत एकदम बोलले. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ह्यांनी मागे वळून बघितलं आणि हसू बंद झालं.

मग ती सावकाश बोलली. "सर, तुम्ही सीनियर आहात. मी फोटो बघते कारण त्या गावापर्यंत मी येऊ शकत नाही. तुमची पेशंट तुमच्या समोर होती. तुम्ही स्वतः थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघितला होता ना? तेव्हा काय दिसलं होतं?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला विचारलेला तो साधा प्रश्न होता. हॉलमध्ये शंभरएक माणसं थेंब घालून बसलेली. सगळी उत्तराची वाट बघत होती आणि मीही.

टीव्हीवरची बाई आवाज पोचला नसेल असं समजून म्हणाली, "सर? आवाज येतोय का?" ह्यांनी अध्यक्षाला काहीतरी पुटपुटून सांगितलं आणि ते दाराकडे निघाले. निघताना माझ्या रांगेवरून त्यांची नजर गेली. थांबली. मग ते गेले.

माझी पाळी आली. सगळ्यांना माहीत होतं मी कोण ते. फक्त पडद्यावरच्या बाईला माहीत नव्हतं. तिनं फोटो बघितला. "उजव्या डोळ्याचं लेझर चांगलं झालंय," ती म्हणाली. "डाव्याला उशीर झाला का?"

"हो," मी म्हटलं. "उशीर झाला."

घरी पोचले तर हे बैठकीत उभे होते. कितीतरी महिन्यांनी समोरासमोर बोलले. "तिथे कशाला बसली होतीस? माझा तमाशा बघायला?"

"डोळे दाखवायला."

"तूच सांगून ठेवलंस तिला. काय विचारायचं ते."

"तिला माहीतसुद्धा नाही मी तुमची कोण. आणि तुम्ही काय म्हणालात? माझी एक पेशंट?"

"मग काय म्हणायला हवं होतं?" ते ओरडले. "माझी बायको म्हणू? सगळ्या गावासमोर?"

मी म्हटलं, "पेशंट असते तर थेंब घातले असते तुम्ही."

ते माझ्या अंगावर धावून येतील असं एक क्षण वाटलं. आले नाहीत. जिना उतरून खाली गेले आणि दवाखान्याचं दार आपटलं.

काही दिवसांनी कंपाउंडर वर आला. "बाईसाब, साब बुला रहे हैं. नीचे." मी म्हटलं, मला खाली पाऊल टाकायची बंदी आहे. तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून. शेवटी त्याच्याकडे बघून मी गेले.

पेशंट कुणी नव्हते. ह्यांनी कंपाउंडरला सांगितलं, थेंब घाल. त्यानं घातले. मी बसले, डोळे मिटून. ते टेबलामागे पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज यायचा. मग उठले, दिवे घालवले, भिंगाचं यंत्र घेऊन माझ्यासमोर आले. उजव्या डोळ्यात बघितलं. पुष्कळ वेळ. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. एवढ्या वर्षांत इतका वेळ त्यांनी माझ्या डोळ्यात कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त वाटलं, हे आधी होऊ शकत होतं. यंत्र हेच होतं, खुर्चीही हीच.

"उजवा ठीक आहे," ते म्हणाले.

मग डावा. यंत्र जवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ.

"डाव्यात काही दिसत नाही."

"मलाही," मी म्हटलं.

त्यांनी दिवा लावला आणि कंपाउंडरला चहा सांगितला. दोन कप आले. मी माझा न पिता वर आले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन शेवटी इंदूरला झालं. रक्त काढलं, पण तोवर पडदा ओढला जाऊन सुटला होता. उजेड आणि अंधार यांतला फरक आता कळतो, त्यापलीकडे काही नाही. ऑपरेशनच्या दिवशी हे आले नाहीत. कंपाउंडरला पाठवलं, थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा देऊन. बहिणीनं तो थर्मास व्हरांड्यातल्या बाकावर ठेवला, तो तिथेच राहिला.

त्यानंतर खाली काहीतरी बदललं. गॅलरीतून ऐकू यायचं, हे नव्या पेशंटला विचारायचे, "शुगर है?" हो म्हटलं की कंपाउंडरला सांगायचे, "दवाई डालो, बैठाओ." कुणाला इंदूरला पाठवायचे, कुणाच्या मुलाला खडसावायचे की आणलं का नाही लवकर. टीव्हीवाल्यांबद्दलचं बोलणं बंद झालं. मला त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. माझी बहीण म्हणायची, "बघ, सुधारले." मी म्हणायची, गाव सुधारलं असेल. त्यांनी माझ्यासाठी काही सुधारलेलं मला सापडलं नाही.

ते निवृत्त होताना त्याच मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. एका वक्त्यानं सांगितलं की धारमध्ये साखरेच्या रोग्यांच्या डोळ्यांकडे सगळ्यात आधी कुणी लक्ष दिलं असेल तर ते डॉक्टरसाहेबांनी. टाळ्या झाल्या. मला व्यासपीठावर त्यांच्या डावीकडे बसवलं होतं. हे उठले, सगळ्यांचे आभार मानले, आणि हार काढून माझ्या हातात दिला. त्या वाक्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

ऑटोत बसल्यावर मी विचारलं, "तुम्ही खोडून का काढलं नाहीत?"

"काय?"

"सगळ्यात आधी म्हणाले ते."

"एवढ्या लोकांसमोर त्याला खोटं पाडू?"

"मला पाडलं होतंत. त्याच लोकांसमोर, 'माझी एक पेशंट' म्हणून."

"किती वर्षं तेच धरून बसणार आहेस तू?"

मी आवाज चढवला. जन्मात पहिल्यांदा भर रस्त्यावर. म्हटलं, जितकी वर्षं हा डोळा असा आहे तितकी वर्षं. ऑटोवाला आरशातून बघायला लागला. "भिया, तू आगे देख," हे त्याला म्हणाले, आणि मग, "रोक." ते चौकात उतरले. शाल खांद्यावर तशीच, निघून गेले पायी.

मी घरी आले. हार देवापुढे ठेवला नाही, ओट्यावर ठेवला. भूक लागली होती. गोळी घेतली, पोळी-भाजी वाढून घेतली आणि जेवले. ते आले तेव्हा मी ताट घासत होते. त्यांनी आपलं ताट आपण घेतलं, वरण गार झालं होतं ते तसंच ओतून घेतलं. मी गरम करून देऊ का, असं विचारलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

आता आम्ही दोघंही म्हातारे आहोत. दर सहा महिन्यांनी मी इंदूरच्या बसनं जाते, उजवा डोळा दाखवून येते. जाताना ते दारात उभे असतात. परत आले की विचारतात, "काय म्हणाले?"

मी म्हणते, "ठीक आहे म्हणाले." त्यापुढचं मी सांगत नाही.